झालं, झालंय, झालं होतं

धाटावच्या कारखान्यांतल्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवताना पहिल्या आठवड्यातच एक वाक्य हमखास कानावर येतं: 'येस्टरडे आय हॅड गॉन टू पनवेल.' बोलणारा कधी ऑपरेटर असतो, कधी नुकताच बी.एस्सी. होऊन लॅबमध्ये लागलेला केमिस्ट, कधी अर्धं आयुष्य बॉयलरवर काढलेला माणूस. वाक्य तेच. इंग्रजी ज्याची घरची भाषा आहे तो हे ऐकून थांबतो. 'हॅड गॉन' म्हटल्यावर त्याला पुढचं काहीतरी हवं असतं. गेला होतास, आणि तेवढ्यात इथे काय झालं? पण पुढे काही येत नाही, कारण बोलणाऱ्याचं सांगून झालेलं असतं.

हे वाक्य अडाणीपणातून येत नाही. ते चोख मराठी आहे. 'काल मी पनवेलला गेलो होतो' म्हणजे गेलो, काम केलं, परत आलो. नुसतं 'काल मी पनवेलला गेलो' म्हणा, आपल्याकडचा माणूस लगेच विचारेल, 'बरं, मग?' म्हणजे मराठीत 'गेलो' म्हटल्यावर ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट बघतो आणि 'गेलो होतो'ने बोलणं मिटतं. इंग्रजीत नेमकं उलट. 'वेंट' म्हटलं की मिटलं, 'हॅड गॉन' म्हटलं की टांगलेलं राहिलं. ही उलटापालट फळ्यावर मांडली की वर्गातले चेहरे बदलतात. आपण चुकत होतो त्यामागे एक हिशेब होता आणि तो आपल्या भाषेचा होता, हे कळल्यावर माणूस पुढचं वाक्य बोलायला घाबरत नाही. माझ्या कामातला हा सगळ्यात मोलाचा क्षण आहे असं मी मानते.

मी रोह्यात राहते. धाटावची एमआयडीसी रिक्षाने काही मिनिटांवर, कुंडलिकेच्या काठाला. रंगद्रव्यं, शेतीची औषधं, औषधनिर्मितीला लागणारी रसायनं असा इथला माल. त्यातला बराच बाहेरच्या देशांत जातो, म्हणून तिथले खरेदीदार आपली माणसं तपासणीला पाठवतात. कंपन्या मला बोलावतात ते या ऑडिटमुळे. ऑडिटर फाइली बघतो आणि मग प्लँटवर फिरताना कोणालाही उभं करून प्रश्न विचारतो. तिथे मॅनेजरने मध्ये बोललेलं चालत नाही. ऑपरेटरने स्वतः सांगायचं.

एका ऑडिटला मी हजर होते. ऑडिटरने विचारलं, अलार्म वाजल्यावर तुम्ही काय करता? ऑपरेटरला काम तोंडपाठ होतं. तो म्हणाला, 'व्हेन अलार्म साउंडेड, आय क्लोज्ड द स्टीम व्हॉल्व्ह.' ऑडिटरने वहीचं पान उलटलं आणि विचारलं, हे कधी झालं? ऑपरेटर गोंधळला. कधी म्हणजे? तसं काही झालेलंच नव्हतं. पुढची काही मिनिटं एक गृहस्थ न घडलेल्या घटनेची तारीख विचारत होते आणि दुसरा घाम पुसत 'नो सर, नो सर' म्हणत होता. लपवाछपवी चालली आहे अशी शंका यायला एवढं पुरतं.

चूक कुठे झाली ते मराठीत बोलून बघा. 'अलार्म वाजला की मी स्टीम बंद करतो.' रोजची रीत सांगतानाही आपण 'वाजला' म्हणतो. 'पाऊस आला तर छत्री उघडतो', 'बेल झाली की निघतो', 'ताप आला तर गोळी घेतो.' यातला एकही पाऊस पडून गेलेला नाही. मराठीच्या हिशेबात आधी एक गोष्ट पुरी होते आणि मग दुसरी सुरू होते, आणि 'वाजला' हे रूप त्या पुरं होण्यासाठी आहे. शाळेत त्याला भूतकाळ म्हणायला शिकवलेलं असतं, म्हणून इंग्रजीत जाताना हात आपोआप 'साउंडेड'कडे जातो. इंग्रजीला तिथे साधा वर्तमान लागतो: व्हेन द अलार्म साउंड्स, आय क्लोज. हे एक वळण सुधारलं की ऑडिटमधले निम्मे गैरसमज टळतात, असं माझं निरीक्षण आहे. मी ते पहिल्याच दिवशी घेते, वर्तमानकाळाच्या व्याख्येच्याही आधी.

व्याख्या तर सगळ्यांना येतच असतात. महाराष्ट्रात इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० सालापासून ते पहिलीपासून आलं. माझ्या वर्गात दोन्ही पिढ्यांची माणसं बसतात. तक्ता दोघांनाही पाठ: तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, एकूण बारा खाने. 'ही गोज'चं 'ही वेंट' करून दाखवा म्हटलं तर चटकन करतात. परीक्षेत काळ ओळखून द्यायचा असतो. बोलताना तो कोणी देत नाही. आपला आपण निवडावा लागतो, तोही समोरचा बघत असताना, अर्ध्या क्षणात. तक्त्यात हे कुठेच नाही.

निवड करताना काय विचारायचं, तर 'हे केव्हा झालं' याआधी 'हे आत्ता खरं आहे का' असं विचारायचं. मी बोलत असताना ही गोष्ट चालू आहे, नेहमीची आहे, की संपलेली आहे? आणि इथे मराठी हात देते, फक्त तिच्याकडे वळायला हवं. 'हा पंप आवाज करतो' आणि 'हा पंप आवाज करतोय' यात प्लँटवरचा कुठलाही माणूस गल्लत करणार नाही. पहिलं ऐकून तो म्हणेल, जुना आहे, करतोच. दुसरं ऐकून उठून बघायला जाईल. इंग्रजीत हेच 'मेक्स' आणि 'इज मेकिंग'. एवढी बारकाई ज्याच्या बोलण्यात लहानपणापासून आहे त्याला हा फरक नव्याने शिकवावा लागत नाही, फक्त दाखवावा लागतो. कुंडलिकेचंही तसंच. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरात येतं. १९२७ पासून टाटांचं ते वीजघर चालू आहे. तिथून सुटलेलं पाणी नदीला मिळतं, म्हणून आमची नदी उन्हाळ्यातही वाहते. 'द रिव्हर फ्लोज ऑल इयर.' आणि जुलैत कोणी फोन करून म्हणालं, पुलावरून पाणी वाहतंय, तर तिथे 'इज फ्लोइंग'. दुसरं वाक्य ऐकल्यावर सेकंड शिफ्टची बस कुठून वळवायची ते ठरवावं लागतं.

पण मराठी दर वेळी हात देतेच असं नाही. 'हेल्मेट घातलंय का त्याने?' याचं इंग्रजी होतं 'हॅज ही वोर्न हेल्मेट?' परदेशी माणसाला ते ऐकून वाटतं की याने आयुष्यात कधी हेल्मेट घातलं होतं का, असं विचारताहेत. घालण्याची क्रिया संपली, ते डोक्यावर असणं उरलं. मराठी संपलेल्या क्रियेकडे बघून 'घातलंय' म्हणते आणि इंग्रजी उरलेल्या स्थितीकडे बघून 'इज वेअरिंग' म्हणते. बसलाय, झोपलाय, उभा राहिलाय, साडी नेसलीय, सगळी याच घरातली. म्हणून साहेब केबिनमध्ये बसलेत हे फोनवर 'सर हॅज सॅट' असं जातं. शिवाय 'आलो'! खालून कोणी हाक मारली की आपण जिन्याच्या वरच्या पायरीवरून 'आलो' म्हणतो. अजून एक पाऊल टाकलेलं नसतं, पण शब्द दिलेला असतो, आणि शब्द दिला म्हणजे काम झाल्यातच जमा. वॉकीटॉकीवर हेच 'आय केम' होऊन गेलं तर पलीकडचा दारात बघतो आणि तिथे कोणी नसतं.

प्लँटवर या गोष्टींना वजन आहे. ते कळावं म्हणून मी वर्गात टेनेरीफची हकीकत सांगते. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांवरच्या त्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच आदळली आणि ५८३ माणसं गेली. केएलएम या डच कंपनीचं विमान धावायला लागलं असताना त्याच्या सहवैमानिकाने टॉवरला इंग्रजीत जे कळवलं त्याचा शब्दशः अर्थ 'आम्ही आता टेकऑफला आहोत' असा होतो. टॉवरला वाटलं, विमान टेकऑफच्या जागेवर उभं आहे. सहवैमानिकाला सांगायचं होतं की धाव सुरू झालीय. डच भाषेत चालू क्रिया सांगण्याची जी घडण आहे तिची छाया त्या इंग्रजी वाक्यावर पडली असावी, असं भाषेच्या अभ्यासकांनी पुढे मांडलं. कारणं इतरही होती. कॅप्टन परवानगीआधीच निघाला होता आणि टॉवर आणि दुसरं विमान एकाच वेळी बोलल्याने रेडिओवर नुसती शिट्टी ऐकू आली. पण त्या दुर्घटनेनंतर 'टेकऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, अशी शिस्त जगभर लागली. उभं असणं आणि निघालेलं असणं यांत पुन्हा गल्लत नको म्हणून.

आमच्याकडे ही गल्लत शिफ्ट बदलताना होऊ शकते. जाणारा येणाऱ्याला चार्ज देतो, लॉगबुकात ओळी असतात: 'व्हॉल्व्ह क्लोज्ड', 'लाइन वॉश्ड', 'पंप स्टॉप्ड'. लॉगबुकाचं इंग्रजी सहायक क्रियापदं गाळतं आणि त्यांच्याबरोबर काळही गळून पडतो. 'व्हॉल्व्ह क्लोज्ड' म्हणजे मी रात्री दोनला तो बंद केला, की आत्ता सकाळी सातला तो बंद आहे? मराठीत विचारलं तर तोच माणूस क्षणात तीन वेगवेगळी उत्तरं देतो. 'बंद केला' म्हणजे त्या वेळी केला. 'बंद केलाय' म्हणजे अजून बंद आहे, माझी जबाबदारी. 'बंद केला होता' म्हटलं की येणारा लगेच कान टवकारतो: होता? मग उघडला कोणी? ही तिन्ही रूपं इंग्रजीतही आहेत, जवळजवळ याच कामाला: क्लोज्ड, हॅव क्लोज्ड, हॅड क्लोज्ड. म्हणजे माणसाला माहिती आहे, भाषाही समर्थ आहे, आणि तरी कागदावर ते उतरत नाही.

अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ रोजी स्फोट होऊन १५ कामगार गेले. केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात बऱ्याच गोष्टी निघाल्या. त्यातली एक ही की रात्रपाळीने लॉगबुकात एकच ओळ लिहिली होती आणि रिफायनरीच्या टॉवरमध्ये किती द्रव भरलाय, पुढे काय करायचं राहिलंय, हे तिच्यावरून दिवसपाळीला कळण्यासारखं नव्हतं. तिथे तर रोजची भाषाच इंग्रजी. तेव्हा मी वर्गात सांगते की हा आपल्या इंग्रजीचा प्रश्न नाही. पाळीभर जी गोष्ट डोळ्यांसमोर असते ती लिहिणाऱ्याला इतकी ठाऊक असते की ती 'आहे' की 'होती' हे सांगायची गरजच त्याला वाटत नाही.

म्हणून मी लॉगबुकाचे सराव घेते. आता जे खरं आहे त्याला 'इज', आणि जे करून झालं त्याला वेळ लावून साधा भूतकाळ. 'द व्हॉल्व्ह इज क्लोज्ड. आय क्लोज्ड इट ॲट टू.' दोन छोटी वाक्यं. यावर एका ज्येष्ठ सुपरवायझरने मला स्पष्ट सांगितलं, 'मॅडम, बस सुटायला पाच मिनिटं असतात, दोन-दोन वाक्यं कोण लिहीत बसणार?' त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून आम्ही ठरवलं की सगळीकडे नको. व्हॉल्व्ह, पाइप बंद करणारी ब्लाइंड, धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारं इंटरलॉक आणि कामाचं परमिट, एवढ्यांपुरतं लिहायचं. बाकीच्या ओळी पूर्वीसारख्या चालतील.

बोलण्यातला भूतकाळ वेगळंच वळण घेतो तेही सांगायला हवं. परदेशातून खरेदीदाराचा फोन आला, 'आय वॉन्टेड टू आस्क अबाउट द बॅच.' लॅबमधल्या मुलाने 'ओके सर' म्हटलं आणि गप्प बसला. त्याला वाटलं, यांना आधी विचारायचं होतं, आता नाही. मी त्याला म्हटलं, तू मॅनेजरच्या दारात जाऊन रजा मागताना काय म्हणतोस? तो म्हणाला, 'सर, जरा विचारायचं होतं.' आणि त्याचं त्यालाच उमगलं. विचारायचं आत्ताच असतं, पण 'होतं' म्हटलं की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. आदबीसाठी काळ मागे सरकवणं दोन्ही भाषांनी सारखंच जपलंय.

माणसांबद्दल बोलताना मात्र इंग्रजी कठोर होते. 'सी. डी. देशमुख रोह्याचे' असं आपण अभिमानाने म्हणतो, त्यांचं बालपण इथे गेलं. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मराठी वाक्यात क्रियापदच नाही, आणि नसलं तरी काही अडत नाही. इंग्रजीत 'इज' की 'वॉज' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही, आणि ते १९८२ मध्ये गेले हे त्या एका शब्दात सांगावंच लागतं. उलट 'तुकाराम महाराज म्हणतात' हे दोन्ही भाषांत वर्तमानात चालतं, कारण ज्यांचे शब्द आजही लोकांच्या तोंडी आहेत त्यांना 'म्हणाले' करायला कोणाचंच मन धजत नाही. एका तरुण ऑपरेटरने ओळख करून देताना 'माय फादर वॉज इन धिस कंपनी' असं म्हटल्यावर समोरच्या पाहुण्या बाई हळव्या होऊन 'आय ॲम सॉरी' म्हणाल्या. वडील निवृत्त होऊन घरी भात लावत होते! तिथे 'माय फादर वर्क्ड हिअर' म्हणावं. मग संपते ती नोकरी, वडील नाहीत.

वर्गात अशीच ओळख करून देण्याच्या सरावात एकदा एक मुलगा अडला. त्याच्या आजोबांची जमीन एमआयडीसीत गेलेली. त्याला ते सांगायचं होतं. 'वी हॅड लँड हिअर' हे मी सुचवलेलं वाक्य व्याकरणाने बरोबर होतं. तो म्हणाला, 'मॅडम, जमीन गेली कुठे? ती आहे तिथेच आहे, स्टोअरच्या मागे.' त्याने स्वतः जुळवलं: 'अवर लँड इज बिहाइंड द स्टोअर. नाऊ इट इज कंपनीज.' मी ते तसंच ठेवलं. एखाद्या परीक्षकाने 'अवर' आणि 'इज' एकत्र आल्याबद्दल गुण कापले असते. पण जमिनीला भूतकाळ नाही, मालकीला आहे, आणि त्या मुलाला तो फरक माझ्याहून नीट दिसत होता. काळ निवडणं हा पुष्कळदा बोलणाऱ्याचा हक्क असतो, हे मी त्या दिवसापासून शिकवणाऱ्यांनाही सांगत आले आहे.

निअर मिसचा रिपोर्ट लिहिताना हे फार कामाला येतं. अपघात होता होता टळला की ज्याने पाहिलं त्याच्याकडून इंग्रजीत लिहून घेतात. कागद समोर ठेवला की माणूस आखडतो आणि दोन ओळींत संपवतो. त्याला आधी मराठीत सांगू द्या, असा माझा आग्रह असतो. तो सांगतो तो असा: 'राउंडला निघालो. दुसऱ्या मजल्यावर चढलो. बघतो तर काय, सेंट्रिफ्यूजच्या बाजूला जमीन ओली. वर बघतो, तर फ्लँजमधून थेंब पडतोय.' निघालो, चढलो, आणि मग एकदम बघतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नेसा वुल्फसन यांनी रोजच्या बोलण्यातल्या गोष्टींचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की भूतकाळातून वर्तमानात उडी पडते ती उडीच महत्त्वाची असते, सांगणारा तिच्याने गोष्टीचे भाग पाडतो. धाटावच्या माणसाच्या तोंडून ते मला दर खेपेला ऐकू येतं. 'निघालो, चढलो' हे रोजचं. 'बघतो' पासून घटना सुरू होते. तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि विचारायचं, घड्याळात किती वाजले होते?

मग इंग्रजी. रिपोर्टमध्ये सगळं भूतकाळातच जावं, ते योग्यच आहे. पण 'वॉटर ड्रिप्ड फ्रॉम फ्लँज' असं लिहिलं तर एक थेंब पडला आणि संपला असंही होतं, आणि त्याने पाहिलेलं चालूपण त्यात उरत नाही. म्हणून वर्गात आम्ही ते असं घडवतो: 'व्हेन आय रीच्ड द सेकंड फ्लोअर, द फ्लँज वॉज ड्रिपिंग.' तो वर पोहोचला त्याच्या आधीपासून थेंब पडतच होते, हे 'वॉज ड्रिपिंग'मध्ये आलं. ते वाचून सेफ्टी ऑफिसर पुढचा प्रश्न विचारू शकतो: कधीपासून पडत होते, आधीच्या राउंडला तिथे कोण गेलं होतं, आणि त्याने लॉगबुकात काय लिहिलंय?